सभा तहकूब, पण कुठवर?

करोनाचे दिवस आठवले, की मला आधी एक नोटीस आठवते. पुण्यातल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा तेव्हा मी सचिव होतो. २०२० च्या मार्चमध्ये जिन्याजवळच्या फळ्यावर मी कागद लावला : ‘सभासदांची सभा पुढील सूचना मिळेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे.’ तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला. “सचिवसाहेब, तहकूब केलीत, योग्यच केलंत. पण कुठवर, तेही लिहा. तारखेशिवाय तहकुबी म्हणजे सभा रद्दच की!”

मी तारीख लिहू शकलो नाही. ती मलाच ठाऊक नव्हती.

पुढे मे महिन्यात गावी, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावला, चुलत्यांना फोन केला. तात्या म्हणाले, “एक मेची ग्रामसभा बी न्हाई झाली. घरकुलाच्या यादीचं इचारायचं होतं. आता फोनवर कुणाला इचारू?” शहरातले आजोबा आणि गावातले तात्या, दोघांचा प्रश्न एकच होता.

ज्या कायद्याच्या आधाराने २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात निर्बंध सुरू झाले, तो मूळचा प्लेगच्या काळातला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा. साथ रोखण्यासाठी तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. पण ‘तात्पुरते’ म्हणजे किती दिवस, हे त्यात लिहिलेले नाही. घरझडत्या झाल्या, रेल्वेचे उतारू तपासले गेले, जत्रा बंद झाल्या. पुण्यात त्यातून केवढा असंतोष उसळला आणि रँडचा वध कसा झाला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत.

खेड्यात साथ आली, की लोक घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालून राहत. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगे : चावडी ओस पडली, पण झोपड्यांच्या मधल्या लिंबाखाली माणसे अंतर ठेवून बसत. कुणाचे जनावर कोण राखणार, कुणाच्या घरी धान्य नाही, हे तिथे ठरे. गावाने जागा बदलली. बसणे मोडले नाही.

याच प्लेगने मुंबईतल्या दाटीच्या, अंधाऱ्या चाळींचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, जुन्या चाळी पडल्या. पण त्यांतल्या माणसांनी जायचे कुठे? १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे या चळवळीचे अध्वर्यू. तारदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव सांगते. मोकळ्या हवेचे घर आणि त्याचा कारभार राहणाऱ्यांच्याच हाती, हा या संस्थांचा पाया. कारभार हाती म्हणजे काय? तर वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून हिशेब मागायचा.

नेमके हेच बसणे २०२० मध्ये थांबले. आपल्याकडे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, संस्थेची वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या वर्षी ते शक्य नव्हते. शासनाने कायद्यात दुरुस्ती केली आणि ती मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. फळ्यावर नवा कागद लावताना मला हायसे वाटले. आजोबांना देण्यासाठी माझ्याकडे अखेर एक तारीख होती.

तात्यांकडे ती नव्हती. ग्रामसभेच्या गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. आणि त्या उन्हाळ्यात लग्नालासुद्धा पन्नासच माणसांना परवानगी होती. एक नियम शंभर जण मागत होता, दुसरा पन्नासांवर अडवत होता. निवडणुकाही लांबल्या. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकीसाठी मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२१ रोजी.

आमची वार्षिक सभा अखेर मोबाइलच्या पडद्यावर भरली. आजोबांना ते जमेना. त्यांनी प्रश्न कागदावर लिहून माझ्या दाराखालून सरकवला : ‘पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च सभेच्या मंजुरीविना कोणी केला?’ तो समितीने केला होता आणि सही माझी होती. टाकी गळत होती, काम अडले होते, हे खरे. मी प्रश्न वाचून दाखवला आणि म्हणालो, “साथ होती.” म्हणतानाच जाणवले, की हे कारण झाले, उत्तर नव्हे. सभा घेता आली नाही, तरी घरोघरी कागद फिरवून संमती घेता आली असती. ते मला सुचले नाही. खरे तर विचारणारे कोणी समोर नव्हते, म्हणून सुचले नाही.

साथीत गर्दी टाळायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. माणसे जगली तर सभा. पण सभा पुढे ढकलण्याचा अधिकार ज्याच्या हाती येतो, त्याला हिशेब देण्यापासून आपोआप सुट्टी मिळते, आणि ती सुट्टी गोड लागते. मला लागली होती.

आता मी सचिव नाही. मात्र फळ्यावर तहकुबीची नोटीस दिसली, की थांबून आधी तारीख शोधतो. नसली, तर फोन करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)