उशिरा आलेल्या विद्यार्थिनी

नर्सिंगच्या प्रवेशाच्या रांगेत तिशी गाठलेली बाई दिसली की मागच्या मुली एकमेकींकडे बघतात. कुणाची तरी मोठी बहीण सोबत आली असेल, असं त्यांना वाटतं. अर्ज त्या बाईचाच आहे हे कळल्यावर खिडकीमागचा कारकूनही एकदा चष्म्यावरून बघून घेतो. नर्सिंग म्हणजे बारावीनंतर लगेच करायचं शिक्षण, सतरा-अठराव्या वर्षी आत आणि विशीच्या सुरुवातीला नोकरीवर, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर तो वेगळंच सांगतो. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून तो इतिहास आज थोडा उलगडून सांगावासा वाटतो.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं चित्र आपल्याकडे प्रत्येक परिचर्या शाळेच्या भिंतीवर असतं. हातातला दिवा सगळ्यांना ठाऊक असतो, त्यांचं वय मात्र कुणी विचारात घेत नाही. त्यांचा जन्म १८२० चा. घरच्या सुखवस्तू मंडळींचा या कामाला इतका विरोध होता की जर्मनीतल्या कैसरवर्थला जाऊन तीन महिने शिकायला त्यांना १८५१ साल उजाडावं लागलं. म्हणजे त्या स्वतः एकतिसाव्या वर्षी शिकायला बसल्या. पुढे १८६० मध्ये त्यांच्या नावाने सेंट थॉमस रुग्णालयात शाळा निघाली. तिच्या नियमांत उमेदवाराचं इष्ट वय दिलं होतं २५ ते ३५, आणि ती अविवाहित किंवा विधवा असावी असं म्हटलं होतं. शिकाऊ बाईला राहायला जागा, जेवण, चहा-साखर, कपडे धुऊन मिळण्याची सोय आणि शिवाय वर्षाला दहा पौंड मिळत. ज्या बाईने जग थोडं पाहिलं आहे आणि जिला पोटासाठी काम हवं आहे, ती रात्री वॉर्डात एकटी उभी राहू शकेल, असा त्यामागचा हिशेब असावा. मला तो आजही पटतो.

आपल्याकडे सुरुवात झाली ती मिशनच्या इस्पितळांतून आणि मुंबईतून. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या सालापुढे बाई काशीबाई गणपत हे नाव येतं, प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून. विद्यार्थिनी ते नाव परीक्षेपुरतं पाठ करतात. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्याकडे कुठल्या शाळेचं नर्सिंगचं प्रमाणपत्र नव्हतं, पण परिचर्येचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. तरीही पांढरपेशा हिंदू घरांतून या कामाकडे कोणी वळत नव्हतं. कुणाच्याही अंगाला हात लावायचा, परक्या पुरुषाची मलमपट्टी करायची, रात्री घराबाहेर राहायचं! सुईणपण तर खालच्या मानलेल्या जातींवर सोडून दिलेलं. ज्या हातांनी आपण जन्माला येतो ते हात हलके मानायची आपली जुनी खोड.

या घरांतल्या बायकांना ससूनच्या वॉर्डापर्यंत आणण्याचं काम पुण्याच्या सेवासदनने केलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई त्यानंतर काही काळ घरातच होत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्यासोबत होते. रमाबाई स्वतःही अक्षरं शिकल्या त्या अकराव्या वर्षी लग्न झाल्यावर, सासरी, घरातल्या इतर बायकांची बोलणी खात. उशिरा शिकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सेवासदनने नर्सिंगसाठी काय केलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. ससून रुग्णालय १८६७ पासून उभं होतं आणि तिथे नर्सेस व सुईणी तयार करण्याची सोय होती. सेवासदनने वेगळी शाळा काढण्याचा घाट घातला नाही. आपल्या बायका ससूनमध्ये पाठवल्या. पण पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर जे लागतं ते सगळं स्वतःकडे घेतलं. विशी-पंचविशीची विधवा यायची, तिला धड वाचता येत नसायचं. तिच्यासाठी प्रौढ बायकांचे वर्ग होते, शाळेची इयत्तांमागून इयत्ता असलेली वाट थोडक्यात आटपणारे. ससूनला शिकणाऱ्यांसाठी वसतिगृह होतं, आणि ते नसतं तर बाकी सगळं व्यर्थ होतं. कारण केशवपन केलेली बाई रात्रपाळी करून सकाळी कुठल्या घराचं दार ठोठावणार? सासरचं दार बंद झालेलं आणि माहेरचं कधीही बंद होईल असं.

सेवासदनच्या एका समारंभाची हकिगत सांगितली जाते. बक्षीस घ्यायला एक तरुण विधवा व्यासपीठावर आली, डोईवरून पदर घेतलेली, अंगावर लाल अलवण. प्रेक्षकांतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. कार्यक्रम संपताना रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या मुलांना सरळ विचारलं की तुम्ही स्वतःला शिकलेले कसे म्हणवता. अशा बाईला पुण्यातल्या शिकलेल्या मुलांसमोरून चालत जाण्याचीसुद्धा एक परीक्षा द्यावी लागत होती, आणि तिला गुण नव्हते.

यापुढचा काळ झटकन सांगतो तसा सांगते. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये नर्सेस, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ मध्ये भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात नर्सेस होत्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवीचं शिक्षण सुरू झालं, पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, आणि १९६४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं परिचर्या महाविद्यालय निघालं. नर्स ही डॉक्टरची हरकामी नाही, तिचं स्वतंत्र शास्त्र आहे, हे ठसवायला याची गरजच होती. आमच्या पिढीने त्याचा फायदा घेतला.

पण या बदलात एक गोष्ट हातून निसटली, आणि तिच्याविषयी आमच्या क्षेत्रात फारसं बोललं जात नाही. जुन्या पद्धतीत शिकाऊ नर्सला रुग्णालय राबवून घ्यायचं. वॉर्डात बारा-बारा तास, अभ्यास मिळेल त्या वेळात. हे शोषणच होतं, त्याचं गोडवं गायचं कारण नाही. मात्र त्या बदल्यात तिला छप्पर, जेवण आणि थोडे पैसे मिळत. शिक्षणाची किंमत ती अंगमेहनतीने फेडायची. शिक्षण कॉलेजात गेलं, ते सुधारलं, आणि त्याचा खर्च हळूहळू घराच्या माथ्यावर आला. बापाच्या घरी राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला ते परवडतं. जी स्वतःच घर चालवते तिचं काय?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, तो पिंपरी-चिंचवडला राहायला आल्यावर भेटला. आमच्या या पट्ट्याचा आणि औषधपाण्याचा संबंध जुना आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन इथे तयार होऊ लागलं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, मागोमाग कारखाने, १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका, १९८९ मध्ये संत तुकाराम नगरात यशवंतराव चव्हाण रुग्णालय. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशेच्या वर कामगार असतील तिथे रुग्णसेवेची खोली आणि तिथे डॉक्टर-परिचारिका ठेवणं बंधनकारक केलं. त्यामुळे या भागात एक विलक्षण गोष्ट घडली. कामगार बाईला नर्स भेटू लागली ती इस्पितळात नव्हे, तिच्याच कारखान्याच्या आवारात. बोट प्रेसमध्ये सापडलं, उन्हाळ्यात चक्कर आली, पाळीत पोट दुखलं, की त्या खोलीत. पांढऱ्या कोटातली, खुर्चीवर बसून काम करणारी, जिला सुपरवायझरही ‘सिस्टर’ म्हणतो अशी बाई.

अशीच एक बाई मागच्या वर्षी ओळखीतून माझ्याकडे आली. चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर, ठेकेदाराकडून. वय एकतीस, बारावी कला शाखेतून, मुलगा चौथीत. शेजारणीचा हात कापला तेव्हा सिस्टरने रक्त कसं थांबवलं ते तिने पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घोळत होतं. ‘मॅडम, मला जमंल का ते सांगा, उगं बरं वाटावं म्हणून सांगू नका,’ असं ती म्हणाली.

मी तिला नियम सांगितले. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, वर राज्याची प्रवेश परीक्षा. तो रस्ता तिच्यासाठी नव्हता, पुन्हा बारावी सायन्स केल्याशिवाय. जीएनएम मात्र कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतं, इंग्रजी आणि चाळीस टक्के हवेत. कमाल वय पस्तीस, म्हणजे तिच्या हातात अजून काही वर्षं होती. सरकारी शाळांत फी कमी, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने. खासगीत जागा मिळते, फी पेलत नाही. शिवाय इतक्या वर्षांचा खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र, जातीचा दाखला, अधिवास, सगळं वेळेत हवं. तिने कागदांची यादी मोबाईलमध्ये टिपून घेतली.

मग आम्ही पैशांचा हिशेब मांडला. तीन वर्षं पगार नाही. खोलीचं भाडं, भिशीचा हप्ता, मुलाची फी. नवऱ्याचं काम कधी असतं, कधी नसतं. गावाकडे सासू आहे, ती मुलाला सांभाळायला तयार होती, एवढी एक जमेची बाजू. गुणवत्ता यादीची मला तिच्याबद्दल फारशी काळजी वाटली नाही. आठ तास उभं राहून शेकडो तारा रंग न चुकता जोडणारी बाई औषधांची नावं आणि मात्राही पाठ करेल. माझं गाडं अडलं ते वसतिगृहापाशी. बऱ्याच परिचर्या शाळांत विद्यार्थिनीने वसतिगृहातच राहावं अशी अट असते. सेवासदनच्या विधवेला ज्या वसतिगृहाने वाट काढून दिली, तेच इथे आईच्या वाटेत आडवं येत होतं. नियम अठरा वर्षांच्या मुलीचा विचार करून केलेला, आणि ती मुलगी डोळ्यांसमोर असताना तो चुकीचाही म्हणता येत नाही. पण संस्थेला विवाहित, मुलंबाळं असलेल्या विद्यार्थिनीसाठी सूट देणं इतकं अवघड आहे का? शंभर वर्षांपूर्वी रमाबाई आणि देवधर प्रत्येक बाईची अडचण वेगळी धरून सोडवत होते, तेही मूठभर पैशांत.

तिने अभ्यासाविषयी थोडंच विचारलं. रात्रपाळी असते का, असं मात्र विचारलं, आणि असते म्हटल्यावर मान डोलावली. तिला ती कंपनीत दर तिसऱ्या आठवड्याला होतीच. वॉर्डात मृत्यू बघावा लागेल, हेही मी सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. बस चुकेल म्हणून ती उठली. दारात चप्पल घालताना मात्र थांबली आणि वसतिगृहातून रविवारी मुलाला भेटायला सोडतात का, असं तिने विचारलं. मी दोन शाळांना फोन करून सांगते म्हटलं. एका शाळेने महिन्यातून एक रविवार सांगितला, दुसरीने दोन. तिने दुसऱ्या शाळेचा अर्ज आधी भरला.