मुळशी सत्याग्रह : प्रकल्पकालीन बदलास विविध घटकांचा प्रतिसाद (१९२१-१९२४)

प्रस्तावना :
प्रकल्प आकारास येत असताना त्याच्याशी संबंधित घटक बदलास कसा प्रतिसाद देतात, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात वारंवार चर्चिला जातो. इतिहासाच्या अभ्यासकास त्याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात सापडते. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

संघर्षाची वाटचाल :
मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरविले. यात मावळ्यांची भातशेती व सुमारे ५० गावे बाधित होणार होती. जमिनी कायदेशीररीत्या ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत चर खोदले गेल्याने असंतोष भडकला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. कंपनीला काम काही काळ थांबवावे लागले; परंतु पुढे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार दिला.

प्रतिसादातील भेद :
येथेच 'बाधित' या शब्दाखालील एकजिनसीपणा संपुष्टात आला. अनेक जमिनी पुण्यातील सावकारांच्या मालकीच्या होत्या. त्यांच्या दृष्टीने जमीन ही गुंतवणूक असल्याने योग्य मोबदला मिळताच त्यांचा विरोध मावळला. कसणाऱ्या कुळाला मात्र रोख रकमेने उपजीविका, गाव व देवस्थान परत मिळणार नव्हते. म्हणजेच प्रतिसाद केवळ स्वभावावर नव्हे, तर जमिनीशी असलेल्या नात्यावर अवलंबून होता. आधार घटत गेला तसा संघर्ष मूठभर कार्यकर्त्यांपुरता उरला. १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे रोखण्याचा मार्ग पत्करला व त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर आंदोलन संपले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजनिर्मिती सुरू झाली.

निष्कर्ष :
मोबदला मालकाशी ठरला. किंमत कुळाने मोजली. कूळ, शेतमजूर यांचाही 'बाधित कुटुंब' म्हणून विचार करणारा केंद्रीय भूसंपादन कायदा २०१३ मध्ये झाला. विरोध शमला म्हणजे संमती मिळाली, असा अर्थ लावण्यापूर्वी नेमका कोणाचा विरोध शमला, हे तपासणे आवश्यक आहे. मुळशीचा इतिहास हेच सुचवितो.