न्हाणीमागची केळ

नाशिकच्या जुन्या वाड्याची दिंडी ओलांडून आत शिरले, चौक आणि माजघर मागे टाकून स्वयंपाकघराच्या मागल्या दाराने बाहेर पडले, म्हणजे विहिरीच्या आणि न्हाणीच्या सान्निध्यात, सांडपाणी जेथे मातीत मुरते त्या ओलसर कोपऱ्यात, आळूच्या वाफ्याशेजारी केळीचे एक बेट उभे दिसे. त्या बेटावर सरकारचा सारा नव्हता आणि त्याच्या घडाचा भाव पेठेत ठरत नव्हता. तथापि बारसे, मुंज, लग्न किंवा सत्यनारायण यांपैकी क्वचितच एखादा प्रसंग त्याच्यावाचून पार पडत असेल. मळ्यातल्या केळीचा इतिहास वजनाने मोजता येतो; परसातल्या केळीचा इतिहास मात्र घराच्या चालीरीतींतून वाचावा लागतो, आणि कोणता वाण लावावा या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा आपल्या पूर्वजांनी किती साक्षेपाने विचार केला होता, हे त्या वाचनातूनच ध्यानी येते.

मोगलांच्या अंमलात या कसब्याला गुलशनाबाद, म्हणजे बागांचे नगर, असे नाव होते. अठराव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख पेशव्यांकडे आला आणि त्यानंतर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला नवे वैभव चढले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आपल्या वैधव्याची वर्षे याच परिसरात कंठली. राघोबादादांच्या वास्तव्याने आनंदवल्लीला महत्त्व आले. सरदारांनी घाट आणि देवालये बांधली. यात्रेकरूंचा ओघ वाढला, तीर्थोपाध्यायांच्या घरी पंगती उठू लागल्या, आणि १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसल्यानंतरही ही रीत मोडली नाही. पंगत म्हटली की पान आले. पळसाच्या पत्रावळी डोंगराकडून येत. पण पाहुण्यापुढे ताजे हिरवे पान, त्याचे टोक डावीकडे करून मांडायचे, तर केळ परसातच हवी.

मग नाशिकच्या शेतकऱ्याने केळीचे मळे का केले नाहीत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर येथील हवेत आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसले असून पौष-माघात येथील पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. केळ ही उष्ण आणि दमट प्रदेशाची कन्या. एवढ्या थंडीत तिची नवी पाने उमलण्याचे जवळजवळ थांबते, उमललेली पिवळी पडतात, आणि ऐन थंडीत घड बाहेर पडण्याची वेळ आली तर तो खोडाच्या कंठातच अडकून राहतो. ज्या थंडीने केळीचा जीव घुसमटतो तीच द्राक्षाला मानवते, आणि म्हणून १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची जी बाग उभी केली, तिचा विस्तार होत होत अवघा जिल्हा द्राक्षाचा झाला. केळीच्या मळ्यांचे वैभव तापीच्या खोऱ्यात, खोल काळ्या जमिनीच्या आणि कडक उन्हाच्या रावेर-यावल भागात गेले. तेथील घड आगगाडीच्या वाघिणींतून थेट दिल्लीपर्यंत पोहोचू लागले. नाशिकची केळ मात्र वाड्याच्या भिंतीआड राहिली. या भिंती बोचरा वारा अडवीत आणि दिवसाचे ऊन शोषून रात्री ते थोडे थोडे परत देत. न्हाणीचे पाणी बारमाही मिळे. आणि चुलीतली राख आळ्यात पडत असल्यामुळे केळीला जे पालाशयुक्त खत विशेष लागते, तेही विनासायास लाभे.

मळ्यात वाण निवडला जातो तो घडाच्या वजनावरून. परसात निवडीचे निकष निराळे होते, कारण तेथे एकाच झाडाकडून फळ, पान, केळफूल, गाभा आणि सोप अशा पाच गोष्टींची अपेक्षा असे. वेलची केळीचे फळ बोटाएवढे, सालीला पातळ, आंबटगोड आणि सुवासिक. लेकराच्या मुठीत मावणारे आणि देवापुढे ठेवायला नेटके. तिचे खोड उंच, पाने लांबरुंद. म्हणून पंगतीसाठी ती उत्तम. मुठेळीचा गर मऊ आणि रुचकर. शिकरणाला तिची सर दुसऱ्या केळीला क्वचितच येते. तांबड्या सालीची केळ दिसायला राजस, पण घडासाठी तिची वाट फार पाहावी लागते. राजेळी ही कोकणची. वसई-आगाशीच्या बागाईतदारांनी तिची पिकली फळे सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करण्याचा जो धंदा नावारूपास आणला, त्यास तिचा घट्ट, पिठूळ गर कारण आहे. आणि उकडून, तळून किंवा उपासाच्या पदार्थांत घालून खाण्यास तीच योग्य. बसराई मात्र ठेंगणी, पुरुषभर उंचीची. वाऱ्याने ती सहसा मोडत नाही, घड मोठा देते आणि उंच वाणांहून लवकर देते. एका घरात हे सारे वाण लावण्याइतकी जागा क्वचितच असे; म्हणून एका आळीत एकाकडे वेलची, दुसऱ्याकडे बसराई आणि तिसऱ्याकडे राजेळी असली, तर अवघ्या आळीची गरज परस्पर भागे.

ही देवघेव केळीच्या शरीररचनेतच बीजरूपाने आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात जी रानकेळ, म्हणजे चवई, माजते, तिला मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारे कोंब, येत नाहीत. ती फुलते, बियांनी भरलेली फळे देते आणि मरते. तिचा वंश बियांवर चालतो. आपल्या परसातली केळ याच्या नेमकी उलट आहे. तिच्या फळात रुजणारे बी नाही. ज्या खोडाला घड येतो ते मरते, पण जमिनीतल्या कंदाला चहूकडून मुनवे फुटतात. ते सारेच वाढू दिले तर एकालाही चांगला घड येत नाही. म्हणून एका आळ्यात आई, लेक आणि नात अशा तीनच पिढ्या ठेवाव्या आणि बाकीचे मुनवे काढावे, असा जाणत्यांचा दंडक आहे. हे मुनवे फुटून वाढतात ते पावसाळ्यात, आणि श्रावण हा सत्यनारायणाचा महिना. चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधायचे खुंट हे पुष्कळदा काढून टाकावयाचेच मुनवे असत. पूजा होई आणि बेटाची विरळणीही होई. उरलेला एखादा जोमदार मुनवा माहेरी आलेली लेक सासरी नेई, एखादा शेजारच्या काकू मागून घेत. धर्म, शेती आणि शेजारधर्म एकाच कोयत्याने साधणारी ही व्यवस्था मला आपल्या गृहसंस्कृतीच्या शहाणपणाचा उत्तम नमुना वाटते.

या शहाणपणाची किंमत जगाच्या इतिहासाशी ताडून पाहिली म्हणजे नीट कळते. इंग्लंडात चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन या उद्यानपालाने वाढविलेली एक ठेंगणी केळ १८३५ साली फुलली आणि ड्यूकच्या कुलनामावरून कॅव्हेंडिश म्हणून प्रसिद्धीस आली. आपली बसराई त्याच कुळातली. पुढे अमेरिकेच्या व्यापाराला मात्र ग्रो मिशेल या एकाच वाणाचे वेड लागले. मुनव्यापासून झालेली प्रत्येक केळ ही आपल्या आईची हुबेहूब प्रत असते. जे दुखणे एकीला बाधते ते सर्वांना बाधते. मातीतल्या बुरशीने पसरणाऱ्या मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या अफाट बागा उजाड केल्या, आणि व्यापाराला कॅव्हेंडिशचा आश्रय घ्यावा लागला. आता त्याच बुरशीची एक नवी जात कॅव्हेंडिशलाही मारू लागली असून ती हिंदुस्थानातही शिरली आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. परंतु तेथेही ऊतिसंवर्धनाने केलेल्या ग्रँड नैन या कॅव्हेंडिशच्याच भावंडाचे प्राबल्य आहे, हे विसरून चालणार नाही. वेलची आणि मुठेळी यांनाही मर रोग होतोच. पण जेथे दहा घरी चार वाण असतात, तेथे एका रोगाने सर्व आळीची ताटे रिकामी होत नाहीत.

आज नाशिकात ज्याला परसू लाभले आहे, त्याने या पूर्वानुभवाचा लाभ घ्यावा. जागा लहान आणि वारा मोकळा असेल तर बसराई लावावी. भिंतीचा आडोसा आणि भरपूर पाणी असेल तर वेलचीसारखी दुसरी केळ नाही. स्वयंपाकाची हौस असेल तर राजेळीचा एक कंद आणावा, मात्र तिच्या भारी घडाला टेकू द्यावा. मुनवा निरोगी बेटातलाच घ्यावा, तरवारीसारख्या अरुंद पानांचा. ज्या बेटात पाने आखूड होऊन शेंड्याला गुच्छासारखी दाटली असतील, तेथून फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण तो पर्णगुच्छ रोग मुनव्याबरोबरच येतो. खानदेशातले बागाईतदार मृगबाग आणि कांदेबाग असे लागवडीचे दोन हंगाम मानतात. नाशिककराने मृगच धरावा, म्हणजे थंडीपूर्वी झाडाच्या अंगी बळ येते आणि ठेंगण्या वाणाचा घड बहुधा थंडी सरल्यावरच बाहेर पडतो.

जुने वाडे आता एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत न्हाणीचे पाणी नळीतून गटारात जाते, आणि केळीला उभे राहायला ओला कोपरा उरत नाही. वाड्याचे कोरीव खांब आणि तुळया यांना गिऱ्हाईक मिळते. न्हाणीमागच्या बेटाची आठवण कोणालाच होत नाही, आणि त्याबरोबर कोण्या पणजीने माहेराहून आणलेला वाण मातीत मिसळून जातो. बी नसलेल्या झाडाला परतीचा मार्ग नसतो. ज्यांच्या वाड्याला पहार लागण्याचा दिवस ठरला असेल, त्यांनी मजुरांना आत घेण्यापूर्वी मागल्या दाराने एकदा परसात जावे, आणि तेथे केळ उभी असेल तर एक मुनवा कंदासकट खणून, ओल्या गोणपाटात बांधून, ज्याच्या घरी माती आहे त्याच्या हाती द्यावा.