१६ जानेवारी १९३५ : ‘मा’ बार्करचा अंत

फ्लोरिडातील ओक्लावाहा येथे तळ्याकाठच्या घराला संघीय तपास यंत्रणेने पहाटे वेढा घातला. कित्येक तासांच्या गोळीबारात केट ऊर्फ ‘मा’ बार्कर आणि तिचा मुलगा फ्रेड ठार झाले.

यंत्रणेचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी तिला मुलांच्या गुन्हेगारी टोळीची सूत्रधार ठरवले. टोळीतल्याच अल्विन कार्पिसने हे साफ नाकारले.

पडद्याला मात्र हूव्हर यांचीच कहाणी भावली. रॉजर कॉर्मन यांनी १९७० मध्ये तुटपुंज्या खर्चात ‘ब्लडी मामा’ काढला. शेली विंटर्स आई झाल्या, तर नवखे रॉबर्ट डी नीरो व्यसनी मुलगा लॉइड. पाठोपाठ कॉर्मन यांच्या कंपनीचे ‘बिग बॅड मामा’ (१९७४) आणि ‘क्रेझी मामा’ (१९७५) आले. ‘क्रेझी मामा’चे तरुण दिग्दर्शक जोनाथन डेमी यांना पुढे ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’साठी ऑस्कर मिळाले.