अक्षरं होती कुठे?

२००५ सालची गोष्ट. बुलढाण्याच्या घरी संगणकावर विंडोज ९८ होतं. ते काढून एक्सपी घालायचं ठरलं. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात टाइप करून ठेवल्या होत्या. आई गेलेली, आणि ओव्यांची वही उंदरांनी कुरतडलेली. म्हणून एक्सपी घालायला आलेल्या पोराला बजावलं, "बापा, आधी माझ्या फायली सीडीवर घे, मगच डिस्क पूस." त्याने घेतल्या. भारनियमनाची वेळ टळल्यावर काम सुरू झालं, संध्याकाळी संपलं.

फाईल उघडली, तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा!

कारण नंतर कळलं. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. फाईलमध्ये साठायच्या त्या इंग्रजी खुणाच. मराठी दिसायचं ते फॉन्टमुळे. फायली सीडीवर गेल्या, फॉन्ट मात्र विंडोजच्याच फोल्डरमध्ये राहिला आणि डिस्कबरोबर पुसला गेला. हे ना त्या पोराच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

खरं तर यावर तोड आधीच निघाली होती. भारतीय लिप्यांसाठी १९८८ साली इस्की आलं. त्याच्या मांडणीवरून १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. विंडोजमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आली. २००१च्या एक्सपीतही सेटिंगमध्ये खूण करून मूळ सीडी घालावी लागे.

खामगावच्या एका मित्राकडे तोच फॉन्ट निघाला. तो टाकला आणि ओव्या परत दिसल्या. मग त्या युनिकोडमध्ये आणल्या, पण जुनी फाईल तशीच ठेवून. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं नेमकं उलटं. बदलणाऱ्या प्रोग्रामने 'वाऱ्या'चा 'वार्या' केला. दोन्ही फायली शेजारी ठेवून मी ओळन् ओळ ताडून पाहिली. दोन महिने गेले.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मोफत मदत बंद झाली, तेव्हा नातवाने नव्या डिस्कवर विंडोज ११ घातलं. जुनी डिस्क पुसायला निघाला, तर म्हटलं, थांब, आधी ओव्या उघड. 'वाऱ्या'चा 'ऱ्या' शाबूत दिसला, मगच त्याला पुसू दिली.