कूफ्याचं दुकान, मुंबईचा डबा आणि हार्वर्डचा वर्ग

व्यापार शिकवण्याची 'केस स्टडी' पद्धत म्हटली की हार्वर्डचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं. खटले वाचून कायदा शिकवण्याची रीत त्या विद्यापीठात १८७० च्या दशकातच रुळली होती. तीच व्यापाराच्या वर्गात आली आणि १९२१ मध्ये एका बूट कंपनीवर पहिली केस लिहिली गेली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या साहाय्याने ही पद्धत आपल्याकडे रुजवली.

प्रसंग समोर ठेवून शिकवणं मात्र फार जुनं आहे. इमाम अबू हनीफा (रह., निधन इ.स. ७६७) हे कूफा शहरातले रेशमी कापडाचे व्यापारी. मसअला मांडायचा, शागिर्दांना वाद घालू द्यायचा, मग निर्णयाला यायचं, अशी त्यांच्या हलक्याची रीत सांगितली जाते. त्यांच्या चरित्रांत दुकानातलाच एक प्रसंग येतो. भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठवताना इमामसाहेबांनी बजावलं की एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला सांगूनच विका. हफ्स विसरले. कापड विकलं गेलं, गिऱ्हाईक कोण हे आठवेना. इमामसाहेबांनी त्या सगळ्या मालाची रक्कम सदका केली.

आपण हा किस्सा अखलाकच्या तासाला सांगतो आणि 'सुबहानल्लाह' म्हणून पुढे जातो. कॉमर्सच्या वर्गात तो इथूनच सुरू व्हायला हवा. भागीदाराच्या विसराळूपणाची जबाबदारी कोणाची? रक्कम एका कापडाची द्यायची की सगळ्या मालाची? पुन्हा असं होऊ नये म्हणून दुकानात काय बदलायचं?

आता आपल्या मातीतली केस. २०१० मध्ये हार्वर्डने मुंबईच्या डबेवाल्यांवर केस प्रसिद्ध केली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम उभं केलं असं मानतात. डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि आपल्या अकोले-संगमनेरकडचे. झाकणावरच्या रंगांच्या आणि अक्षर-आकड्यांच्या खुणा पाहून जेमतेम शिकलेला माणूसही डबा नेमक्या इमारतीच्या नेमक्या मजल्यावर पोचवतो. जगभरच्या विद्यार्थ्यांनी याची वाहवा केली.

पण मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, ऑफिसं बंद झाली आणि डबाही थांबला. ज्या लोकलच्या वेळापत्रकावर सगळी अचूकता उभी होती, तिला दुसरा पर्याय नव्हता. जे बळ म्हणून शिकवलं जात होतं, तेच दुबळेपण ठरलं. केस जिथे संपते तिथे माणसांचं आयुष्य संपत नाही, हा धडा पहिल्या केसमध्ये असणं शक्यच नव्हतं.

म्हणून तिचा दुसरा भाग लिहायला हवा, आणि तो मराठीत. घरातला डबेवाला गावी परतला तेव्हा कर्ज किती होतं, शेतीने किती पोसलं, पुन्हा मुंबईला कोण गेलं आणि कोण नाही, हे अकोल्यातल्या विद्यार्थ्याला घरबसल्या विचारता येतं. त्यासाठी लागते एक वही आणि खरं उत्तर ऐकून घेण्याची तयारी.