खिळे पाडणारा माणूस

जावजी दादाजी चौधरी 1892 साली मुंबईत वारले. संस्कृत पंडितांच्या घरोघरी त्यांनी छापलेली पुस्तकं होती, पण ते स्वतः पंडित नव्हते. शाळाही त्यांना फारशी लाभली नव्हती. 1839चा जन्म. लहानपणीच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली छपाईच्या खिळ्यांचं काम शिकले.

काम डोळे फोडणारं. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतला की एक खिळा. देवनागरीत तर मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांचे खिळे शेकड्यांनी लागत!

1864 साली त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, 1869 साली निर्णयसागर छापखाना. सोबतीला राणोजी रावजी आरू होते. निर्णयसागरच्या वळणदार अक्षरांचं श्रेय द्यायचं तर आरूंच्या हाताला आधी द्यायला हवं. त्यांचं नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

1886पासून निर्णयसागरमधून ‘काव्यमाला’ ही ग्रंथमाला निघू लागली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादलेले दुर्मीळ संस्कृत ग्रंथ तिच्यातून वाचकांपर्यंत पोहोचले. जावजींच्या पश्चात मुलगा तुकाराम यांनी छापखाना सांभाळला.